क्रेडिट कार्ड निवडताना नक्की काय बघता? अकरा कार्डांचा तक्ता करून गोंधळलेय

कोरी पाटी
नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

माझ्याकडे चार वर्षांपूर्वी पगाराच्या खात्याबरोबर आलेलं एक साधं कार्ड आहे, तेव्हा बँकेतून फोन आला, मी हो म्हणाले आणि कार्ड घरी आलं, निवड वगैरे काही केलीच नव्हती. आता दुसरं घ्यायचंय तर यावेळी नीट विचार करून घ्यावं म्हणून गेले तीन आठवडे रोज रात्री एक्सेलमध्ये तक्ता करतेय. अकरा कार्डं आणि चौदा रकाने झालेत. वार्षिक फी, फी माफ व्हायला किती खर्च, वेलकम बोनस, दर शंभरामागे पॉइंट, पॉइंट किती दिवसात बाद होतात, विमानतळावरचं लाउंज किती वेळा, विमा किती, सगळं भरलंय. पण झालंय असं की प्रत्येक कार्ड कुठल्यातरी एका रकान्यात पहिलं येतं आणि दुसऱ्यात शेवटचं, त्यामुळे जितकं भरतेय तितका गोंधळ वाढतोय. शिवाय रोज नवीन ऑफरचा मेसेज येतो की तक्ता परत बदला.

तुम्ही लोक कसं ठरवता? एकच कार्ड ठेवता की दोन-तीन? माझा खर्च बराचसा ऑनलाइन, वर्षातून एखादा परदेश प्रवास. बिल मी सहसा पूर्ण भरते. वर्षातून दोन-तीनदा थोडं राहतं पण पुढच्या महिन्यात भरून टाकते.

सरळमार्गी
वाचतोय. मलाही हाच प्रश्न होता. वाखु (वाचनखूण) साठवली.

दुसरी बाजू
चांगला विषय. माझा अनुभव सांगतो, चौदा रकाने नकोत, एकच रकाना ठेवा, शंभर खर्च केल्यावर माझ्या हातात परत किती येतात. पॉइंटच्या आकड्याला काही अर्थ नसतो. एक कार्ड शंभराला ४ पॉइंट देतं आणि एका पॉइंटची किंमत ०.२५, म्हणजे झाला १ टक्का. दुसरं कार्ड शंभराला २ च पॉइंट देतं पण पॉइंटची किंमत १, म्हणजे २ टक्के. जाहिरातीत पहिलं मोठं दिसतं. त्यात पुन्हा पॉइंट कुठे वापरता त्यावर किंमत बदलते, विमानाच्या तिकिटाला वेगळी, वस्तूंच्या कॅटलॉगला वेगळी आणि बिलातून वजा करून घेतलं तर सगळ्यात कमी. तुम्ही खरोखर ज्या पद्धतीने वापरणार त्याचीच किंमत धरा. आणि वरची मर्यादा बघा, ५ टक्के कॅशबॅक म्हणतात पण महिन्याला अमुकच रकमेपर्यंत, त्यापुढे शून्य किंवा अर्धा टक्का.

हिशेबनीस
दुसरी बाजू यांचं गणित बरोबर आहे, पण कोरी पाटी, तुमच्या पोस्टमधलं शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. "सहसा पूर्ण भरते, वर्षातून दोन-तीनदा थोडं राहतं." आणि तुमच्या चौदा रकान्यांमध्ये व्याजदराचा रकानाच नाहीये! माझ्या मते सगळी गोम इथेच आहे.

थोडं राहिलं म्हणजे व्याजही थोडंच असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. उदाहरण देतो, चलन कुठलंही धरा. बिल ४०,००० चं आलं. शेवटच्या तारखेला तुम्ही ३९,००० भरले, १,००० राहिले. महिन्याला ३ टक्के व्याज असेल तर आपण मनात धरतो १,००० वर ३०, ठीक आहे. पण बिनव्याजी मुदत ही पूर्ण बिल भरण्याच्या अटीवर मिळालेली असते. ती अट मोडली की कितीतरी कार्डांच्या नियमात असं असतं की प्रत्येक खरेदीवर खरेदीच्या दिवसापासून व्याज. तुमची खरेदी महिनाभर सारखी पसरलेली असेल तर बिल निघेपर्यंत सरासरी १५ दिवस आणि त्यापुढे भरायच्या तारखेपर्यंत २० दिवस, म्हणजे ३५ दिवस. ४०,००० वर ३५ दिवसांचं ३ टक्क्यांनी होतं १,४००. कुठे ३० आणि कुठे १,४००. आणि जोपर्यंत मागचं सगळं फिटत नाही तोपर्यंत नवीन महिन्यात जे जे घ्याल त्यालाही पहिल्या दिवसापासून मीटर चालू.

हा नियम देशागणिक आणि कार्डागणिक बदलतो हे खरं. अमेरिकेत २००९ च्या कार्ड कायद्यानंतर मुदतीत जेवढा भाग भरला त्यावर असं मागून व्याज लावता येत नाही. म्हणून तुमच्या अकरा कार्डांच्या नियमपत्रकात हे एक कलम शोधा, "पूर्ण रक्कम न भरल्यास" असं काहीतरी मथळा असेल, आणि त्यातलं उदाहरण कॅल्क्युलेटर घेऊन स्वतः सोडवून बघा. तासभर जाईल, पण तुमच्या चौदाही रकान्यांपेक्षा हे एक महत्त्वाचं.

कोरी पाटी
बापरे. हे मला खरंच माहीत नव्हतं. मागच्या वर्षी एकदा बिलात व्याजाची रक्कम बघून मी कस्टमर केअरला फोन केला होता की चूक झालीय, ते म्हणाले नियमाप्रमाणे आहे, मला तेव्हा पटलं नव्हतं. आता कळलं.

मग व्याजदर सगळ्यात कमी असलेलं कार्ड घ्यायचं का? आत्ता उघडून बघितलं तर अकरातली आठ कार्डं जवळजवळ सारखाच दर लावतात. एवढी स्पर्धा आहे म्हणतात तर दर का नाही कमी होत?

वाटसरू
कोरी पाटी, तुम्ही जो प्रश्न विचारलाय ना तोच प्रश्न अर्थशास्त्रात खूप गाजलेला आहे. लॉरेन्स ऑसुबेल नावाच्या अर्थतज्ज्ञाने १९९१ मध्ये अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यूमध्ये क्रेडिट कार्डाच्या बाजारात स्पर्धा अपयशी का ठरली यावर निबंध लिहिला. तेव्हा तिथे जवळजवळ ४,००० बँका कार्ड देत होत्या, कोणाची मक्तेदारी नाही, म्हणजे पुस्तकाप्रमाणे दर खाली यायला पाहिजेत. पण १९८० च्या दशकात बँकांना स्वतःला पैसा स्वस्त मिळायला लागला तरी कार्डाचे दर वर्षाला १८-१९ टक्क्यांवर चिकटून राहिले. त्याने जी कारणं मांडली त्यातलं एक मला फार महत्त्वाचं वाटतं. पुष्कळ लोक कार्ड घेताना मनापासून धरून चालतात की आपण कधी थकबाकी ठेवणार नाही, म्हणून ते दराकडे बघतच नाहीत, आणि मग प्रत्यक्षात ठेवतात. जे गिऱ्हाईक दर बघतच नाही त्याच्यासाठी दर कमी करून बँकेला काय मिळणार? उलट दर बघून येणारा माणूस म्हणजे बहुतेक कर्ज ठेवायच्या तयारीने आलेला, त्याच्यात बँकेला जोखीम जास्त.

म्हणून स्पर्धा होते ती आपण जिथे बघतो तिथे. बोनस, लाउंज, कॅशबॅक. तुमच्या तक्त्यातले चौदाच्या चौदा रकाने बँकांनीच तुमच्या समोर ठेवलेले आहेत, ते तुम्ही शोधलेले नाहीत. तुमच्यावर टीका म्हणून नाही म्हणत, मीही पहिल्या कार्डाला हेच केलं.

कोरी पाटी
वाटसरू, "रकाने बँकांनीच ठेवलेले आहेत" हे वाचून तक्ता बंद केला आणि पाच मिनिटं नुसती बसले.

दुसरी बाजू
पण एक मिनिट. हे सगळं जो थकबाकी ठेवतो त्याच्यासाठी झालं. मी गेली नऊ वर्षं एकही बिल अर्धवट भरलेलं नाही, मग दर वर्षाला ३६ टक्के असो की ६० टक्के, मला काय फरक पडतो? माझ्यासारख्याने पॉइंटच बघायचे. मिळतंय ते सोडायचं का?

हिशेबनीस
अजिबात सोडू नका. तुमच्यासाठी तुमचं उत्तर शंभर टक्के बरोबर आहे. माझं म्हणणं इतकंच की आपण तुमच्या गटात आहोत की नाही हे आठवणीवर ठरवू नये, स्टेटमेंटवर ठरवावं. मागच्या बारा महिन्यांची बारा स्टेटमेंटं काढायची आणि "व्याज" आणि "विलंब शुल्क" या दोन ओळींवर पेनाने खूण करायची. बाराच्या बारा ठिकाणी शून्य असेल तर खुशाल पॉइंटवालं कार्ड. एका ठिकाणी जरी आकडा असेल तर आधी तो का आला ते शोधा. १ टक्का परत देणारं कार्ड आणि महिन्याला ३ टक्के व्याज, म्हणजे एका महिन्याचं बिल जेमतेम महिनाभर लांबलं तर तीन महिन्यांची कमाई गेली.

अबोली
मी या धाग्यावर लिहू की नको करत होते. लिहिते.

मी किमान देय रकमेच्या फेऱ्यात जवळजवळ तीन वर्षं होते. घरात आजारपण आलं, खर्च कार्डावर गेला, आणि त्यानंतर दर महिन्याला बिलावर दोन आकडे यायचे, एकूण देय आणि किमान देय, आणि ॲपमध्ये किमानचं बटण आधी आणि मोठं असायचं. ते भरलं की "धन्यवाद, तुमचं पेमेंट वेळेत मिळालं" असा मेसेज यायचा आणि मला खरंच वाटायचं की माझं सगळं सुरळीत चाललंय. कोणी फोन करत नाही, दंड लागत नाही, क्रेडिट स्कोअरलाही (आपण उधारी कशी फेडतो त्याचा आकडा) उशिरा भरल्याचा डाग नाही. फक्त कर्ज हलत नाही.

नंतर मी एकदा वहीत मांडलं. ५०,००० थकबाकी, महिना ३ टक्के व्याज, दर महिन्याला बिलाच्या ५ टक्के भरायचे आणि कार्डावर नवीन काहीही घ्यायचं नाही. वर्षभरात हातातून गेले साधारण २७,५००. आणि थकबाकी किती राहिली? ३८,५००. म्हणजे साडेसत्तावीस हजार भरून कर्ज कमी झालं साडेअकरा हजारांनी, बाकीचे सोळा हजार व्याज. निम्मं व्हायलाच ३२ महिने लागतात. मी ते पान अजून ठेवलंय, कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलेलं आहे.

शेवटी मी कार्ड बाजूला ठेवलं, त्यापेक्षा कमी दराचं पर्सनल लोन घेऊन कार्ड एकरकमी फेडलं आणि लोनचे ठराविक हप्ते भरले. हप्त्याला शेवटची तारीख असते हो, किमान देय रकमेला शेवटच नसतो.

वाटसरू
अबोली ताई, लिहिलंत ते फार बरं केलंत. अमेरिकेतल्या त्याच २००९ च्या कायद्याने स्टेटमेंटवर एक चौकट छापणं सक्तीचं केलं, की नुसती किमान रक्कम भरत राहिलात तर कर्ज फिटायला किती काळ लागेल, एकूण किती भराल, आणि ३६ महिन्यांत फेडायचं असेल तर महिन्याला किती भरावं लागेल. तुम्ही वहीत जे मांडलंत तेच ते. ही चौकट जगातल्या प्रत्येक बिलावर पाहिजे असं माझं प्रामाणिक मत आहे.

सरळमार्गी
अबोली, +१. आणि आता कशा आहात? कर्जातून पूर्ण बाहेर?

अबोली
हो, दोन वर्षं झाली. एकच कार्ड आहे, बिनफीचं. लिमिट मी स्वतः फोन करून कमी करून घेतलं.

पिंपळपान
व्याजाचा विषय निघालाय तर ऑटोपेबद्दल (बिल खात्यातून आपोआप कापलं जाण्याची सोय) सांगतो, कारण मी दर महिन्याला पूर्ण भरणाराच माणूस आणि तरीही फसलो. नवीन कार्ड आल्यावर ॲपमध्ये ऑटोपे चालू केलं. त्या पानावर तीन गोल होते, एकूण देय, किमान देय, ठराविक रक्कम. त्यातला किमान देयचा गोल आधीपासूनच भरलेला होता. मी खाते क्रमांक टाकला, ओटीपी टाकला, पुढे, पुढे, सबमिट. झालं. पाच महिने मी निवांत, ऑटोपे आहे म्हणून स्टेटमेंटची ईमेलसुद्धा उघडली नाही. खात्यातून पैसे जाताना दिसायचे, पण माझी पगार, घरभाडं, हप्ते सगळीच ये-जा एकाच खात्यातून, त्यात रक्कम लहान आहे हे लक्षातच आलं नाही. सहाव्या महिन्यात दुकानात कार्ड नाकारलं गेलं, लिमिट संपलं म्हणून. तिथे काउंटरवर उभ्या उभ्या ॲप उघडलं आणि थकबाकीचा आकडा बघून हातपाय गार पडले. मागे रांग लागलेली, सामान तसंच ठेवून बाहेर आलो.

बँकेशी भांडून एका महिन्याचं व्याज परत मिळालं, बाकी गेलं. तेव्हापासून नवीन कार्ड आलं की पहिल्या बिलाला ऑटोपेवर विसंबत नाही, पैसे कापले गेले की दुसऱ्या दिवशी थकबाकी शून्य दिसते का ते बघतो, मगच सोडतो.

हिशेबनीस
पिंपळपान, हे प्रत्येकाने आत्ताच्या आत्ता आपापल्या ॲपमध्ये जाऊन तपासावं. खरंच, वाचणं थांबवा आणि तपासून या.

सरळमार्गी
तपासलं. माझं किमान देयवरच होतं!! मी दर महिन्याला हाताने आधीच पूर्ण भरतो म्हणून कळलं नव्हतं, एखाद्या महिन्यात विसरलो असतो तर गेलोच होतो. पिंपळपान, तुमचे आभार कसे मानू.

तळटीप
कोरी पाटींनी परदेश प्रवास लिहिलाय त्यावर कोणी बोललं नाही म्हणून. दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात.

एक म्हणजे मार्कअप. परकीय चलनात खर्च केला की नेटवर्कच्या (व्हिसा, मास्टरकार्ड वगैरे) दरावर बँक आपले वरचे काही टक्के लावते, पुष्कळ कार्डांवर ते ३ टक्क्यांच्या आसपास असतात, काही कार्डांवर शून्य. परदेशी वेबसाइटवरून घरबसल्या काही घेतलं तरी हा लागतो बरं का, तुमचा खर्च ऑनलाइन आहे म्हणून मुद्दाम सांगतोय. २ टक्के कॅशबॅक देणारं कार्ड परदेशात ३ टक्के कापत असेल तर तुम्ही खिशातून १ टक्का देताय.

दुसरी म्हणजे हॉटेलच्या काउंटरवर मशीन विचारतं, तुमच्या चलनात द्यायचे की इथल्या? आपल्या चलनातला आकडा बघून हायसं वाटतं आणि आपण तेच बटण दाबतो. तो दर दुकानदाराच्या बाजूने ठरलेला असतो आणि जवळजवळ नेहमी महाग. तिथलंच चलन निवडायचं. मशीन कर्मचाऱ्याच्या हातात असेल तर बटण तो दाबून टाकतो, म्हणून आधीच सांगायचं.

आणि कार्डाने एटीएममधून रोख काढू नका, देशात नको आणि परदेशात तर नकोच. फी वेगळी, आणि रोखीला बिनव्याजी मुदत नसते, त्याच क्षणापासून व्याज.

कोरी पाटी
किती छान माहिती देताय सगळे. एक बाळबोध प्रश्न, व्हिसा घ्यावं की मास्टरकार्ड, याचा रकाना मी केला होता, त्याने काही फरक पडतो का?

वाटसरू
बाळबोध नाही, भल्याभल्यांना हे माहीत नसतं. व्हिसा आणि मास्टरकार्ड तुम्हाला पैसे उधार देत नाहीत. ते नुसते रस्ते आहेत, दुकानदाराच्या बँकेपासून तुमच्या बँकेपर्यंतचे. दर, फी, लिमिट, पॉइंट, तक्रार ऐकून घेणं हे सगळं कार्ड देणारी बँक ठरवते. अमेरिकन एक्सप्रेससारख्या कंपन्या बऱ्याच ठिकाणी रस्ताही आपला आणि उधारीही आपली असं करतात, त्यामुळे त्यांचं कार्ड काही दुकानांत चालत नाही.

व्हिसाचं मूळसुद्धा एका बँकेचंच. १९५८ च्या सप्टेंबरात बँक ऑफ अमेरिकाने कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो शहरात साधारण ६०,००० लोकांना न मागता टपालाने कार्डं पाठवून दिली, त्यातून पुढे १९७६ मध्ये व्हिसा हे नाव आलं. त्याआधी १९५० चं डायनर्स क्लब होतं पण ते दर महिन्याला पूर्ण भरायचं कार्ड, थोडं भरून बाकी पुढे ढकलायची सोय त्यात नव्हती. आपण आज ज्याला क्रेडिट कार्ड म्हणतो त्याचा खरा फरक त्या पुढे ढकलण्यात आहे.

सरळमार्गी
हे पॉइंटचे पैसे मग येतात कुठून? बँक पदरचे घालते का?

हिशेबनीस
बराचसा भाग दुकानदाराकडून. तुम्ही शंभराचं बिल कार्डाने दिलं की दुकानदाराला पूर्ण शंभर मिळत नाहीत, थोडे कापले जातात आणि त्यातला मोठा वाटा तुमच्या बँकेकडे जातो, त्याला इंटरचेंज म्हणतात. त्यातून पॉइंट. याचा पुरावा बघायचा असेल तर युरोपात बघा, २०१५ च्या नियमाने तिथे साध्या ग्राहकांच्या क्रेडिट कार्डांवर इंटरचेंज ०.३ टक्क्यांवर बांधून टाकलं, आणि अमेरिकेत जशी भरघोस बक्षिसं दिसतात तशी तिथे दिसत नाहीत. ऑस्ट्रेलियात २००३ मध्ये तिथल्या रिझर्व्ह बँकेने हीच फी कमी केली तेव्हा पॉइंटची किंमत उतरली होती. दुसरा भाग येतो अबोली ताईंसारख्यांनी भरलेल्या व्याजातून. म्हणून पॉइंटचे नियम कायमचे आहेत असं धरून कार्ड घेऊ नका. बँक एका ईमेलवर पॉइंटची किंमत निम्मी करू शकते.

दुसरी बाजू
अबोली ताईंचं वाचल्यावर माझे नऊ वर्षांचे पॉइंट कोणाच्या खिशातून आले याचा मी पहिल्यांदाच विचार केला. पॉइंट घेणं सोडणार नाही, खरं सांगतो, पण नवीन माणसाला "पॉइंट बघ" एवढंच सांगणं मात्र सोडलं.

आणि माझी एक चूक कबूल करतो. वार्षिक फी माफ व्हावी म्हणून एका वर्षी शेवटच्या पंधरा दिवसांत १८,००० चा खर्च ओढूनताणून केला, फी होती १,०००. त्यातला हेडफोन अजून खोक्यात आहे. फी माफीची अट आपल्या नेहमीच्या खर्चात आपोआप बसत असेल तरच ती माफी, नाहीतर बिनफीचं कार्ड बरं.

पिंपळपान
एक संशोधन आठवलं. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या प्रेलेक आणि सिमेस्टर यांनी २००१ मध्ये छापलेलं. विद्यार्थ्यांना बास्केटबॉलच्या सामन्याच्या तिकिटांवर बोली लावायला सांगितली, काहींना रोखीने द्यायचे म्हणून, काहींना कार्डाने. कार्डवाल्यांच्या बोली रोखवाल्यांच्या जवळजवळ दुप्पट गेल्या. सगळ्या खरेदीत दुप्पट होतं असं नाही, पण १ टक्का कॅशबॅकच्या बदल्यात आपण किती जास्तीचं घेतो हे ज्याने त्याने तपासावं.

तळटीप
अजून एक रकाना सुचवतो जो कुठल्याच तुलना करणाऱ्या साइटवर नसतो. कार्ड घ्यायच्या आधी त्या बँकेच्या कस्टमर केअरला रविवारी रात्री फोन लावा आणि खरा माणूस लाइनवर यायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघा. माझ्या कार्डावर एकदा पहाटे तीनला कोणीतरी एकामागून एक पाच व्यवहार केले. त्या बँकेच्या ॲपमध्ये कार्ड बंद करायचं बटण होतं पण ते सापडायला चार पडदे उलटावे लागले, आणि फोनवर नुसतं संगीत. अकरा मिनिटं. त्या अकरा मिनिटांत शेवटचे दोन व्यवहार झाले. पैसे सगळे परत मिळाले, लेखी तक्रार लगेच केली होती म्हणून, पण दीड महिना गेला.

डेबिट कार्ड असतं तर तो दीड महिना माझ्या खात्यातले पैसे गेलेले राहिले असते. क्रेडिट कार्डात वाद चालू असताना अडकतो तो बँकेचा पैसा, हा मला क्रेडिट कार्डाचा सगळ्यात मोठा फायदा वाटतो, पॉइंटपेक्षा कितीतरी मोठा. ब्रिटनमध्ये तर १९७४ च्या ग्राहक कर्ज कायद्याचं कलम ७५ असं आहे की १०० पौंडांच्या वरच्या आणि ३०,००० पौंडांपर्यंतच्या वस्तूत दुकानदाराने फसवलं तर कार्ड देणारी कंपनीही तितकीच जबाबदार. तुमच्या तुमच्या देशात काय संरक्षण आहे, किती दिवसांत कळवावं लागतं, हे कार्ड हातात यायच्या आधी माहीत पाहिजे.

अबोली
हो आणि एकावेळी चार ठिकाणी अर्ज करू नका कोणी. प्रत्येक अर्जाची नोंद क्रेडिट रिपोर्टमध्ये होते.

हिशेबनीस
अनुमोदन. आणि जुनं कार्ड बिनफीचं असेल तर घाईने बंदही करू नका. अमेरिकेत वापरतात त्या फायको क्रेडिट स्कोअरची जी वाटणी कंपनीनेच जाहीर केलीय त्यात वेळेवर परतफेडीला ३५ टक्के, वापरलेल्या उधारीला ३० टक्के आणि इतिहास किती जुना आहे त्याला १५ टक्के वजन आहे. बाकी स्कोअर थोड्या वेगळ्या पद्धतीने काढतात पण वेळेवर भरणं आणि लिमिटच्या मानाने कमी वापरणं दोन्ही सगळीकडे मोजतात. जुनं कार्ड बंद केलं की एकूण लिमिट कमी होतं आणि तेवढ्याच खर्चाचं प्रमाण वाढलेलं दिसतं.

कोरी पाटी
मंडळी, चार दिवसांनी येतेय, उशिराबद्दल क्षमस्व. हिशेबनीस यांनी सांगितल्याप्रमाणे बारा स्टेटमेंटं प्रिंट काढून जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडली आणि लाल पेन घेऊन बसले. मला वाटत होतं दोन-तीन महिने असतील. पाच निघाले. पाच लाल गोल. आणि वर्षभरात मिळालेल्या पॉइंटची किंमत काढली तर ती त्या पाच महिन्यांच्या व्याजाच्या एक तृतीयांशसुद्धा नाही.

मग ते पाच महिने का आले ते बघितलं. पैसे नव्हते असं एकाही वेळी नाही! माझं बिल निघतं महिन्याच्या ५ तारखेला, भरायची तारीख २५, आणि पगार होतो महिन्याच्या शेवटच्या दिवशी. २५ ला खात्यात कमी असतात म्हणून थोडे ठेवून भरते, आणि पाच-सहा दिवसांनी बाकीचे. बस्स, एवढंच. वर्षभर मी पाच-सहा दिवसांसाठी व्याज भरत होते.

त्यामुळे आता अकरापैकी दोनच कार्डं उरलीत. दोन्ही बिनफीची, एकाला परकीय चलनाचा मार्कअप शून्य आहे म्हणून बहुतेक तेच घेईन. कॅशबॅक १ टक्का आहे, ठीक आहे. रविवारी रात्री त्यांच्या कस्टमर केअरला फोनही लावला, तीन मिनिटांत बाई बोलल्या, कार्ड नसतानासुद्धा नीट उत्तर दिलं. जुनं कार्ड बंद करत नाहीये. ऑटोपे तपासलं, एकूण देयवर केलं.

फक्त एक शेवटची शंका. बिलाची तारीख बदलून मिळते का? म्हणजे पगारानंतर भरायची तारीख यावी अशी?

पिंपळपान
मिळते, बऱ्याच बँका देतात, कुठे ॲपमधून, कुठे फोन करून. तुम्हाला बिल निघायची तारीख साधारण १५ ला सरकवायला सांगा, म्हणजे भरायची तारीख पुढच्या महिन्याच्या ४-५ ला येईल. बदलाच्या त्या एका महिन्यात बिल नेहमीपेक्षा लांब किंवा आखूड कालावधीचं येतं, ते बघून घाबरू नका. आणि त्या महिन्यात ऑटोपेची तारीखही नवीन तारखेप्रमाणे सरकली की नाही ते तपासा, माझ्या एका मित्राची सरकली नव्हती.

कोरी पाटी
उद्याच फोन करते.